पहिलं पाणी बॉयलरला

"मामा, चावी फिरवा. बैल खाली बसलाय."

"हुकूम न्हाय, साहेब."

लिंबाजीमामांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांची नजर बॉयलरच्या काचेवर होती. हातात चिंधी होती आणि आधीच लख्ख असलेला पितळी नळ ते पुन्हा पुसत होते. बाहेर कोरड्या हौदापाशी त्यांचाच बैल गुडघे टेकून बसला होता. त्यांचीच बायको त्याच्या मानेखाली हात घालून ओणवी उभी होती.

ज्यांचा वाफेशी कधी संबंध आला नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. मी डिप्लोमा करून एका सहकारी साखर कारखान्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून नुकताच लागलो होतो. कारखाना येरमाळ्याहून आत गेलेल्या रस्त्यावर, उघड्या टेकड्यांच्या पायथ्याशी. नाव लिहीत नाही, कारण नावानं काही फरक पडत नाही. ऊस शेतातच वाळून गेला होता. गाळप झालंच नाही. मोठे बॉयलर थंडगार पडले होते आणि चिमणीत पारव्यांनी घरटी केली होती. उसाच्या गाड्या जिथं रांगेनं उभ्या राहायच्या त्या पटांगणात जनावरांची छावणी पडली होती. बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेलं उसाचं चिपाड. मागच्या हंगामातल्या बगॅसच्या गंजी शिल्लक होत्या. त्यात मळी कालवून जनावरांना घालत होते. मळीचा तो गोडसर आंबूस वास आला की कामगार बोलता बोलता थांबायचे. हंगामात सगळ्या मुलखाला तोच वास असतो.

सगळा कारखाना मेलेला, फक्त एक गोष्ट जिवंत होती. भोंगा.

पाळी बदलली की भोंगा व्हायचा. पाळीच नव्हती, तरी व्हायचा. आमचा भोंगा वाफेवर चालायचा. छपरावर पितळेची शिटी, खाली तिला वाफ देणारी नळी. वाफ हवी तर बॉयलर पेटता हवा. मोठे बॉयलर बंद, म्हणून कारखाना उभारताना आणलेला एक छोटा, उभा, जुना बॉयलर फक्त भोंग्यासाठी चालू ठेवला होता. त्याला जाळायला बगॅस लागायचा. तोच बगॅस, जो छावणीतली जनावरं खात होती. आणि पाणी लागायचं.

पाण्याची गोष्ट अशी. विहीर एकच. वीज आली की पंप चालायचा. पाइपाला दोन वाटा होत्या, मधे चावी. एक वाट बॉयलरच्या टाकीकडे, दुसरी छावणीच्या हौदाकडे. हुकूम असा की पहिलं पाणी बॉयलरला. टाकी भरून वाहिली की मग चावी फिरवायची आणि उरलेलं जनावरांना. वीज मधेच गेली तर उरलेलं म्हणजे काहीच नाही.

आता कुणी म्हणेल, एका शिटीला पाणी लागून लागून किती लागणार? शिटीला कमीच लागतं. पण विहिरीचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. ते उकळून उकळून घट्ट होतं आणि क्षार बॉयलरच्या तळाशी बसतात. म्हणून थोडं थोडं उकळतं पाणी तळातून सोडून द्यावं लागतं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. ते पाणी गटारात जातं, जनावर त्याला तोंड लावत नाही. विहीर जितकी आटते तितकं पाणी जड होतं. पाणी जितकं जड तितका ब्लोडाउन जास्त. म्हणजे पाणी जसजसं कमी होत होतं तसतसं आम्ही ते जास्त ओतून देत होतो.

हे मी आमच्या चीफ इंजिनियरना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि पेपर वाचू लागले.

त्या दिवशी टाकी काठोकाठ भरायला आली आणि वीज गेली. हौदात थेंब नाही. टाकीत पाणी आहे, चावी फिरवली तर ते उताराला लागून हौदात जाईल, हे उभ्या छावणीला दिसत होतं. चावी लिंबाजीमामांच्या ताब्यात. ते बॉयलर अटेंडंट. म्हणजे बॉयलरची परीक्षा दिलेला, सर्टिफिकेट असलेला माणूस. काचेत पाणी निम्म्यावर ठेवायचं हे त्यांचं मुख्य काम. पाणी काचेखाली गेलं तर बॉयलर फुटतो. त्यांच्या उभ्या नोकरीत ते कधी काचेखाली गेलं नव्हतं.

"हुकूम कुणाचा आहे?" मी विचारलं.

"चीफसाहेबांचा."

"काय म्हणून?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी अचकटविचकट बोललो असेन, असं. "ते म्या कसं इचारू?"

बाहेरून सुभद्रामामीचा आवाज आला. त्यांच्या बायकोला मी मामीच म्हणत असे. "साहेब, त्यांना नका सांगू. त्यांचं लगीन बॉयलरशी लागलंय. म्या उगंच मधी आले."

छावणीतली चार माणसं हसली. मामा हसले नाहीत. मामीनं स्वतःच्या झोपडीतली पिण्याच्या पाण्याची घागर आणली आणि बैलापुढे धरली. बैलाचं नाव पाखऱ्या. माणसाच्या वाटणीचं पाणी पिऊन तो उठला. मामा दारात येऊन बघून गेले.  मग आत जाऊन त्यांनी दुपारचा भोंगा दिला.

माझ्या आज्यानं गावात येसकरकी केली, म्हणजे गावकीची चाकरी. निजामाच्या काळात तहसीलदाराच्या घोड्यापुढं तो पळायचा. पळ म्हटलं की पळायचा. कुठं, कशाला, हे विचारायची जागाच त्याला कुणी ठेवली नव्हती. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि मुरुम गावच्या बाजारातून चळवळीची पत्रकं आणायला सुरुवात केली. मिठाच्या पुडीएवढी किंमत त्यांची. कंदिलाशेजारी बसून ते मोठ्यानं वाचायचे आणि मला प्रत्येक ओळीखाली बोट धरायला लावायचे. मी अक्षरं पाटीवर नाही, पत्रकांवर शिकलो. त्या सगळ्या पत्रकांचं सार एका शब्दात सांगायचं तर आमच्याकडे त्याला 'कामून' म्हणतात. म्हणजे का.

आणि इथं शेतकरी घरातला, स्वतःची जमीन असलेला, कुणाच्याही घोड्यापुढं कधी न पळालेला माणूस मला म्हणत होता, ते म्या कसं इचारू. मला संताप आला. संतापापेक्षाही काहीतरी जास्त वाटलं. त्या माणसाच्या तोंडून तो एक शब्द ऐकावा असं वाटलं. तहान लागावी तसं वाटलं.

मग मीच विचारत सुटलो. चीफसाहेब म्हणाले, "वरून आलंय. एमडींना विचारा." एमडी म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर, कारखान्याचा कारभार पाहणारे. ते म्हणाले, "चेअरमनसाहेबांचा शब्द आहे. तुम्हाला नोकरी जड झालीय का?"

एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद, माणसांच्या तोंडी धाराशिव. मी रजा टाकून तिथं चेअरमनसाहेबांच्या घरी गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत गाद्यांवर माणसं दाटीनं बसली होती. माझी पाळी आली.

"साहेब, भोंग्याबद्दल विचारायचं होतं."

"कोणता भोंगा?"

"कारखान्याचा. पहिलं पाणी त्याला जातं. छावणीतली जनावरं तहानेनं बसायला लागलीत."

चेअरमनसाहेब आठवू लागले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ते होय! बँकेचे पाहुणे यायचे होते. कारखाना बंद दिसू नये म्हणून म्हटलं होतं एमडींना, पाहुणे येऊन जाईपर्यंत भोंगा चालू ठेवा. ते तर आलेच नाहीत! अजून वाजवताय तुम्ही?"

ते हसले. ते हसले म्हणून खोली हसली. काहीजण तर त्यांच्या आधीच हसायला लागले होते, त्यांना पुढचं दिसत असावं.

मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, बंद करा. पण ते हसता हसता थांबले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "लोक काय म्हणतात रे भोंग्याला?"

"धीर वाटतो म्हनत्यात, साहेब. कारखाना जित्ता हाय म्हनत्यात."

"मग असू दे की."

"साहेब, पाणी..."

"अरे बाबा, पाण्याचं बघू. टँकर पाठवतो." आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

एका दिवसाची लबाडी कुणी विचारलं नाही म्हणून महिनोन् महिने चालली, आणि विचारलं तर तिचं धोरण झालं. बसमध्ये बसून मी दातओठ खात होतो. त्या गर्दीच्या खोलीत काय काय बोलायला हवं होतं ते आता सुचत होतं.

कारखान्याच्या अलीकडे रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. बाया खडी फोडत होत्या. बस थांबली होती, ड्रायव्हर रेडिएटरसाठी पाणी मागत फिरत होता आणि कुणी देत नव्हतं. तेवढ्यात टेकडीपलीकडून भोंगा झाला.

सगळ्या हातोड्या थांबल्या. बाया पदर झटकून उठल्या. त्यांची सुट्टी त्या आवाजावर होती. पण लगेच कुणी चालायला लागलं नाही. आवाज विरेपर्यंत त्या टेकडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माझ्या खिडकीखालची एक म्हातारी, हातात कामावर मिळालेली सुकडीच्या पिठाची पुडी धरलेली, दुसरीला म्हणाली, "ह्यो आवाज आला ना, की वाटतं औंदा न्हाय तर पुढल्या साली. वल्ल्या उसाचा वास येतो बघ मला."

"मळीचा आसंल."

"न्हाय गं. वल्ल्या उसाचा."

मी लबाडीचा भोंगा म्हणत होतो. तो मलाही ऐकावासा वाटला. हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं तसं. हंगामात भोंग्यावर हजारो माणसं आत जातात, बाहेर येतात. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, रसाची वाफ, चहाच्या टपरीवरची भांडणं. मी तो हंगाम बघितलेलाही नव्हता. न बघितलेल्या गोष्टीची इतकी आठवण येऊ शकते, हे मला कोणत्याच पत्रकानं सांगितलं नव्हतं.

कारखान्यावर आलो तो थेट बॉयलरपाशी. एक गोष्ट माझ्या हातात होती. मी असिस्टंट इंजिनियर. "आग ओढा," एवढे दोन शब्द मी म्हटले असते, म्हणजे भट्टीतला जाळ बाहेर काढा, तर लिंबाजीमामांनी तो ओढला असता. मला का म्हणून विचारलं नसतं. चीफला विचारलं नाही तसंच. माझ्या आज्याला 'पळ' म्हणणारा आणि मामांना 'आग ओढा' म्हणणारा मी, यात फरक काय उरला असता? हुकमानं हुकूम मोडता येतो. माणूस तिथल्या तिथंच राहतो.

मी त्यांच्या शेजारी विटेवर बसलो आणि धाराशिवला जे झालं ते सगळं सांगितलं. पाहुण्यांसाठीचा हुकूम, पाहुणे न येणं, हसणं, 'असू दे की'.

चिंधी फिरायची थांबली.

"म्हंजी पाहुण्यांपुरताच व्हता?"

"तेवढाच."

"मग पाहुणे न्हाय आल्यावर बंद करा म्हनून कुणी सांगितलं न्हाय."

"नाही."

"कामून?"

तो शब्द आला तेव्हा मी जवळजवळ उठून उभा राहिलो. "कुणी विचारलं नाही म्हणून, मामा."

त्यांनी भट्टीचं दार उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "तुमी सांगा साहेब. बंद करू?"

"मी नाही सांगणार."

"आन्?"

"बॉयलर तुमचा. बैल तुमचा. तुम्ही ठरवा."

ते चिडले. मला अपेक्षा नव्हती. "तुमी साहेब हाव का न्हाय? सांगायचं नसंल तर कशापायी शिकलाव येवढं? आमच्यावर टाकून मोकळं व्हायचं?"

मला राग आला.  मी उठून खोलीवर गेलो. आजही कधी कधी वाटतं, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, पंप सुरू झाला. मी मशिनघरात होतो. अचानक भोंगा झाला. पाळीची वेळ नव्हती. आणि तो थांबेना. अवेळी लांब भोंगा म्हणजे अपघात. मी धावलो. छावणीतली माणसं धावली, खडीवरच्या बायाही हातोड्या टाकून टेकडीवर आल्या.

बॉयलरपुढं निखाऱ्यांचा ढीग धुमसत होता. आग ओढलेली होती. लिंबाजीमामा भोंग्याच्या साखळीला लोंबकळून उभे होते. बॉयलरमध्ये जेवढी वाफ शिल्लक होती ती सगळी ते शिटीतून सोडत होते. आवाज आधी नेहमीचा होता, मग उतरत गेला, जाडा झाला, घोगरा झाला, मग नुसता श्वास राहिला. मग तोही थांबला. पारवे चिमणीतून उडाले होते, ते परत बसले.

"काय झालं मामा? काय झालं?" माणसं विचारत होती.

"काय न्हाय. शेवटचा दिला. आता हंगामाला."

त्यांनी साखळी सोडली, बाहेर आले, वाकून चावी फिरवली. पहिलं पाणी हौदात पडलं. जनावरांनी एवढी झोंबाझोंबी केली की मामीला दोन शिव्या हासडून त्यांना मागं रेटावं लागलं. पाखऱ्याच्या पाठीवर ओला हात फिरवत ती नवऱ्याला म्हणाली, "अवं, सपनात हाव का? ह्यो तुमचाच बैल हाय, आठवतोय का?"

मामा रडत होते. घाम पुसावा तसं तोंड पुसत होते. पाण्यासाठी नव्हते रडत. वर पितळी शिटीकडे बघत होते.

पुढचे दिवस त्यांना सोपे गेले नाहीत. भोंगा गेला तसा खडीवरचा मुकादम बायांना उशिरा सोडू लागला. बाया थेट मामांकडे आल्या. "भोंगा कामून बंद केला?" कामगार आले. "कारखाना विकला का? कामून बंद केला?" आयुष्यात ज्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता, ते आता दिवसभर तो ऐकत होते. प्रत्येकाला ते हौद दाखवायचे आणि सांगायचे. काहींना पटलं. एक म्हातारा रोज यायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पर आवाज चांगला व्हता." मामा म्हणायचे, "व्हय. लई चांगला व्हता." बायांनी मात्र मुकादमाला एक दिवस घेराव घातला आणि सावलीवर सुट्टी ठरवून घेतली. मुकादमापुढं उभं राहायचं बळ भोंग्यानं त्यांना कधी दिलं नव्हतं.

मग चेअरमनसाहेबांची गाडी पाळीच्या वेळी त्या रस्त्यानं गेली, आणि त्यांना भोंगा ऐकू आला नाही. एमडींनी आम्हाला बोलावलं. चीफसाहेब खुर्चीत, मी आणि मामा उभे.

"कुणाच्या हुकमावरून बंद केला?"

मी तोंड उघडलं होतं. मी म्हणणार होतो, माझ्या. मामा आधी बोलले.

"माझ्या."

"तुझ्या? तू कोण हुकूम देणार?"

"बॉयलर माझ्याकडं हाय, साहेब. पाहुणे आले न्हाईत. आन् जनावरं आली." मग थोडं थांबून म्हणाले, "आदुगर तुमी सांगा, त्याला पाणी कामून देत व्हतो आपुन?"

एमडींनी माझ्याकडे पाहिलं. हे मीच पढवलं असणार, असं त्यांना वाटलं असावं. मी काहीही पढवलं नव्हतं. उत्तराऐवजी त्यांनी शिक्षा दिली. मामांना घरी बसवलं, हंगाम सुरू झाला की बघू म्हणाले. मला बजावलं की युनियनवाल्यांची भाषा इथं चालणार नाही. वर्षाच्या आत मी तो कारखाना सोडला. टँकर आला नाही. पण विहिरीचं सगळं पाणी हौदात जात होतं, आणि छावणी पावसापर्यंत तगली.

पुढं ऊस लागला, हंगाम आला. भोंगा दुसऱ्या अटेंडंटनं दिला.

एकदा येरमाळ्याच्या स्टँडवर माझी बस यात्रेच्या गर्दीत अडकली होती. खिडकीखालून कुणीतरी हाक मारली. सुभद्रामामी. डोक्यावर देवीची परडी, कपाळभर कुंकू. पाखऱ्या अजून औत ओढतो म्हणाली.

"मामांना परत घेतलं?"

"न्हाय. भोंगा झाला की औत थांबवून हुबं ऱ्हात्यात बांधावर. बैलांना बी सवय झालीया. आपसूक थांबत्यात."

"का घेत नाहीत पण?"

ती हसली. "त्येच इचारायला ह्ये गेले व्हते हापिसात. कामून घेत न्हाई म्हनून. जाताना नवं धोतर नेसून गेले बघा."

"मग?"

"उत्तर न्हाय दिलं कुणी." बस हलली. ती चार पावलं बरोबर चालली. "पर इचारून आले."

आता मी जिथं काम करतो तिथला भोंगा विजेवर चालतो. बटण दाबलं की वाजतो, त्याला पाणीही लागत नाही आणि त्यात जीवही नाही. नवा बॉयलर अटेंडंट आला की मी त्याला दोनच गोष्टी सांगतो. काचेत पाणी निम्म्यावर ठेव. आणि हुकूम शिळा वाटला तर ज्यानं दिला त्याला जाऊन विचार, अजून आहे का.

पहिली गोष्ट सगळे पाळतात.